बॅटिंग प्रॅक्टिससाठी चेंडू टाकताना प्रशिक्षकाने स्वतःला कसे सांभाळावे?

परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी शाळेत असलेल्या क्रीडाशिक्षकांनी विचारले आहे की, 17 वर्षांखालील बेसबॉल संघाला ते रोज स्वतः चेंडू टाकून बॅटिंगचा सराव देतात. अंतर साधारण 12 मीटर असते आणि मध्ये जाळी वगैरे काही नसते. गेल्या आठवड्यात एका मुलाचा सरळ फटका त्यांच्या कानाजवळून गेला आणि तेव्हापासून चेंडू टाकताना त्यांचे मन धास्तावलेले असते. हेल्मेट घालून भागेल का, अंतर वाढवावे का, आणि मुलांना सरळ मारू नका असे सांगावे का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

सर, मी छत्रपती संभाजीनगरमध्ये बरीच वर्षे बेसबॉल आणि सॉफ्टबॉल या दोन्ही खेळांचे प्रशिक्षण देत आलो आहे आणि आजही संघाचे बहुतेक चेंडू मीच टाकतो. तुमच्या तीन प्रश्नांपैकी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरी अडचण तिथे आहे. मुलांना सरळ मारू नका असे कृपया सांगू नका. बॅटिंगच्या सरावात आपण जे शिकवतो ते हेच असते, की चेंडू बॅटच्या मधोमध घ्यावा आणि तो मैदानाच्या मध्यातून, कमरेच्या ते डोक्याच्या उंचीने सरळ जावा. म्हणजे तुम्ही जितके चांगले शिकवाल, तितके जास्त आणि तितके वेगवान चेंडू तुमच्याच दिशेने येणार आहेत. गेल्या आठवड्यातला तो फटका त्या मुलाची चूक नव्हती, ते तुमच्या शिकवण्याचे फळ होते. म्हणून मुलाने चुकीचे मारावे यावर तुमची सुरक्षितता अवलंबून असता कामा नये.

दुसरी गोष्ट चपळाईची. आपल्याकडील बहुतेक क्रीडाशिक्षक क्रिकेट, खो-खो किंवा कबड्डी खेळलेले असतात आणि चेंडू आलाच तर आपण वाकू, असा त्यांना विश्वास असतो. हिशेब करून पाहा. 17 वर्षांखालील तगडा मुलगा ताशी 130 किलोमीटरच्या आसपास फटका मारू शकतो आणि त्या वेगाने चेंडू 12 मीटर अंतर साधारण 0.33 सेकंदात कापतो. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर शरीर हलू लागायलाच सुमारे 0.2 सेकंद लागतात. उरलेल्या अवधीत मान वळवणेही कठीण, मग पूर्ण अंग बाजूला नेण्याची गोष्टच सोडा. त्यातही चेंडू सोडल्यानंतर तुमचे वजन पुढच्या पायावर गेलेले असते, छाती आणि चेहरा पुढे झुकलेला असतो आणि हात खाली गेलेला असतो. त्या क्षणी उत्तम खेळाडूही उभा राहून मार खातो. फटका ताशी 100 किलोमीटरचा धरला, तरी अवधी जेमतेम 0.43 सेकंद मिळतो.

याच कारणाने अंतर वाढवण्याचा उपाय पुरेसा नाही. पिचिंगचे, म्हणजे सामन्यात फलंदाजाला चेंडू टाकण्याचे नियमाचे अंतर 18.44 मीटर आहे. तेवढे मागे गेलात तरी मघाच्या ताशी 130 किलोमीटरच्या फटक्याला अर्धा सेकंदच लागेल. शिवाय इतक्या लांबून रोज शेकडो चेंडू अचूक टाकणे खांद्याला झेपत नाही आणि चेंडू इकडेतिकडे जाऊन सरावाचा वेळ वाया जातो. जवळून, हळू आणि एकाच उंचीवर टाकलेला चेंडू मुलाला जास्त उपयोगी पडतो. 18.44 मीटरवरून ताशी 120 किलोमीटरने आलेल्या चेंडूला जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढाच वेळ 12 मीटरवरून ताशी 78 किलोमीटरने टाकलेल्या चेंडूला लागतो. फलंदाजाला निर्णयासाठी मिळणारा अवधी तोच राहतो आणि तुमचा हातही वाचतो. म्हणून तुमचे 12 मीटर अंतर योग्यच आहे. मात्र त्या अंतरावर जाळीशिवाय उभे राहणे योग्य नाही.

आता हेल्मेट. मैदानावर वावरणाऱ्या प्रत्येक बेसबॉल प्रशिक्षकाने माइक कूलबॉ यांच्याविषयी वाचलेले असावे, असे मला वाटते. अमेरिकेतील टल्सा ड्रिलर्स या संघाचे ते फर्स्ट बेसजवळ (फलंदाजाने धावत गाठायच्या पहिल्या थांब्याजवळ) उभे राहणारे प्रशिक्षक होते. 22 जुलै 2007 रोजी आर्कान्सामधील नॉर्थ लिटल रॉक येथे सामना सुरू असताना एक लाइन ड्राइव्ह, म्हणजे जमिनीला न टेकता सरळ वेगाने गेलेला फटका, त्यांच्या मानेवर लागला आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर 2008 पासून मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, बेसजवळच्या प्रशिक्षकांना हेल्मेट सक्तीचे झाले. नियम योग्यच झाला. पण चेंडू मानेवर लागला होता आणि मानेला सामान्य हेल्मेट झाकत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. हेल्मेट जरूर घाला, पण ते दुसऱ्या फळीचे संरक्षण आहे. पहिली फळी म्हणजे एल स्क्रीन.

एल स्क्रीन म्हणजे इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची जाळीची चौकट. साधारण 7 फूट रुंद आणि 7 फूट उंच चौकटीचा वरचा एक कोपरा कापलेला असतो, त्यामुळे एक बाजू 7 फुटांची आणि दुसरी 4 फुटांच्या आसपास राहते. कापलेल्या भागातून चेंडू टाकायचा आणि टाकून झाल्याबरोबर उंच भागाच्या आड जायचे, एवढीच तिची योजना आहे. बाहेरून मागवली तर महाग पडते, परंतु कोणत्याही तालुक्याच्या गावातील वेल्डिंगवाला ती एका दिवसात करून देईल. सव्वा ते दीड इंची जीआय पाइप घ्यावा, कारण त्याहून बारीक पाइप दोन-तीन महिन्यांत वाकतो. दोन्ही बाजूंना जमिनीवर आडवे पाय जोडून घ्यावेत आणि त्यांवर खताच्या रिकाम्या गोणीत वाळू भरून ठेवावी, नाहीतर उन्हाळ्यातल्या दुपारच्या वावटळीत चौकट उलटते. आपल्याकडील काळ्या जमिनीत पाऊस पडून गेल्यावर हे पाय खचतात आणि चौकट एका अंगाला कलते, म्हणून पावसाळ्यात त्यांच्याखाली फळ्या टाकाव्यात. चेंडू उघड्या पाइपला लागला की तितक्याच वेगाने फलंदाजाकडे किंवा तुमच्या बोटांवर परततो. तो धोका टाळण्यासाठी पुढच्या बाजूने सगळ्या पाइपांवर जाड फोम गुंडाळून वर सायकलची जुनी ट्यूब ताणून बांधावी.

जाळीच्या बाबतीत काटकसर करू नये. मासे पकडण्याची बारीक दोऱ्याची जाळी चालत नाही. क्रिकेटच्या नेटसाठी मिळणारी जाड दोऱ्याची, साधारण 45 मिलिमीटर चौकड्याची जाळी घ्यावी. बेसबॉलचा व्यास 73 ते 75 मिलिमीटर असतो, तेव्हा तो त्यातून जाणार नाही. जाळी नेहमी दुहेरी लावावी. ती तबल्यासारखी ताणून बांधली तर चेंडू उसळून परत जातो आणि गाठींवर ताण येऊन ती लवकर तुटते. फार सैल सोडली तर फुगून तुमच्यापर्यंत येते. तळहाताने दाबल्यावर वीतभर मागे जाईल एवढी ढिलाई मला योग्य वाटते.

खरा शत्रू ऊन आहे. मराठवाड्यातील उन्हात वर्षभर उभी राहिलेली नायलॉनची जाळी लांबून धडधाकट दिसते, पण जवळ जाऊन छातीच्या उंचीवरची एखादी गाठ अंगठा आणि बोटाच्या चिमटीत चोळून पाहा. दोरा पांढुरका पडून ताठर झालेला असतो आणि बोटांना बारीक भुकटी लागते. अशी जाळी हाताने ओढली तरी तटकन तुटते. छातीच्या उंचीवरचा भाग आधी जातो, कारण सर्वांत जास्त फटके तिथेच बसतात, आणि नेमके त्याच्याच मागे आपण उभे असतो. माझा परिपाठ असा आहे की, सराव सुरू होण्याआधी दोन मीटरवरून जोरात दोन-चार चेंडू स्वतःच जाळीवर मारून पाहावेत आणि गाठी चाचपाव्यात. भोक पडले असेल तर नायलॉनच्या दोरीनेच शिवावे. सुतळीने शिवलेले ठिगळ पहिल्याच पावसात कुजते. सराव संपल्यावर चौकट खोलीत ठेवता आली तर उत्तम, नाहीतर ताडपत्रीने झाकावी.

चौकट असूनही मार खाल्लेले प्रशिक्षक मी पाहिले आहेत आणि त्यांतील बहुतेकांची उभे राहण्याची जागा किंवा सवय चुकीची होती. म्हणून हा भाग सविस्तर लिहितो. उजव्या हाताने टाकत असाल तर कापलेला कोपरा तुमच्या उजवीकडे हवा. फलंदाजाकडे तोंड करून उभे राहिल्यावर उंच भागाची आतली कड तुमच्या उजव्या कानाच्या रेषेत यावी. म्हणजे डोके आणि धड आधीपासूनच आडोशाला असतात आणि फक्त टाकणारा हात उघड्या जागेतून जातो. चेंडू सोडल्यावर उजव्या हाताच्या माणसाचा तोल आपसूक डावीकडे जातो. त्याच ओघात मागचा उजवा पाय उचलून डाव्या पायाजवळ आणावा, हात पोटाशी ओढून घ्यावा आणि डोके उंच भागाच्या मध्यावर न्यावे. चेंडू कुठे गेला हे जाळीतूनच पाहावे. सुरुवातीला ही हालचाल चेंडू न घेता, नुसती करून घटवावी, कारण चेंडू हातात आला की लक्ष फलंदाजाच्या बॅटकडे जाते आणि पाय जागच्या जागी राहतात.

पुढचे पाऊल टाकून झाल्यावर तुम्ही आणि जाळी यांच्यात हातभर अंतर राहिले पाहिजे. जाळीला नाक लावून उभे राहणाऱ्याला फुगलेल्या जाळीतूनच चेंडूचा तडाखा बसतो. फार मागे राहिलात तर तुमचा चेंडू चौकटीलाच लागत राहील आणि कंटाळून तुम्ही नकळत उघड्या बाजूला सरकाल. चौकट बसवून झाली की एखाद्या मुलाला होम प्लेटवर, म्हणजे फलंदाजाच्या जागी, उभे करून तुमचा चेंडू सुटतानाचा आणि सुटल्यानंतरचा असे दोन फोटो काढायला सांगा. दुसऱ्या फोटोत तुमचा कोणताही भाग उघड्या कोपऱ्यातून दिसत असेल तर चौकट किंवा तुम्ही, दोघांपैकी एकाने सरकायला हवे.

सगळ्यात धोक्याचा क्षण चेंडू टाकतानाचा नसतो, हे अनुभवाने ठामपणे सांगतो. मुलाचे कोपर खाली पडते आहे असे दिसते, आपण त्याला समजावण्यासाठी चौकटीबाहेर डोके काढून हातवारे करू लागतो, तेवढ्यात तो मुलगा सवयीने आणखी एक चेंडू आला असे समजून बॅट फिरवतो किंवा शेजारी टीवर (चेंडू ठेवून मारण्याच्या उभ्या दांड्यावर) मारणाऱ्याचा चेंडू आडवा येतो. यासाठी माझ्याकडे नियम असा आहे की, मला बोलायचे असेल तर मी आधी थांबा म्हणून ओरडतो, सगळ्या बॅटींची टोके जमिनीला टेकतात आणि मगच मी बाहेर येतो. तसेच प्रत्येक चेंडू टाकण्याआधी तो हातात वर धरून फलंदाजाला दाखवावा. त्याने पाहिले, तो सज्ज झाला, की मगच टाकावा. आधीचा चेंडू मैदानात जिवंत असताना बादलीकडे वाकू नये. ती बादलीही जाळीच्या मागेच, उंच भागाच्या बाजूला आणि शक्यतो स्टुलावर ठेवावी, म्हणजे दर चेंडूला खाली वाकावे लागत नाही.

तुमच्या पाठीचाही विचार करावा लागतो. मैदानातील मुले चेंडू गोळा करून प्रशिक्षकाच्या दिशेने फेकतात आणि त्यांच्याकडे तुमची पाठ असते. चेंडू प्रशिक्षकाकडे फेकायचाच नाही, असा दंडक ठेवावा. सेकंड बेसच्या, म्हणजे तुमच्या पाठीमागच्या दुसऱ्या थांब्याच्या, मागे एक साधी सरळ जाळी उभी करून तिच्या आड एक मुलगा बादली घेऊन थांबवावा, सर्वांनी चेंडू त्याच्याकडे घरंगळत द्यावेत, आणि तुमची बादली रिकामी झाली की सराव थांबवून दोन्ही बादल्यांची अदलाबदल करावी. 30 ते 40 चेंडूंची बादली असेल तर तेवढी विश्रांती खांद्यालाही मिळते. हात थकला की चेंडू सोडल्यावर बाजूला होण्याची हालचाल आधी मंदावते, म्हणून शेवटच्या बादलीत मी मुद्दाम वेग कमी करतो.

हेल्मेटविषयी व्यावहारिक उत्तर असे की, शाळेत क्रिकेटचे जाळीदार हेल्मेट असेल तर तेच वापरा. क्रिकेटचा चेंडू बेसबॉलपेक्षा किंचित लहान असतो, त्यामुळे क्रिकेटच्या चेंडूला अडवणारी आणि नीट बसवलेली लोखंडी जाळी बेसबॉललाही अडवते. कॅचरचा (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याचा) मुखवटाही चालतो, पण त्यातून खाली, बादलीकडे नीट दिसत नाही. पोटाखालचे गार्ड तर घालावेच.

छातीबद्दल एक गोष्ट प्रत्येक क्रीडाशिक्षकाला माहीत असली पाहिजे. हृदयाच्या वर, ठोक्याच्या एका ठरावीक क्षणी चेंडू लागला तर बरगडी न मोडताही हृदयाची लय बिघडून ते बंद पडू शकते. वैद्यकशास्त्रात याला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात आणि हा धोका वाढत्या वयाच्या मुलांना अधिक असतो, कारण त्यांची छाती लवचीक असते. म्हणून मोठ्या मुलाला जाळीशिवाय उभे करून लहानांना चेंडू टाकायला लावणे मला अजिबात मान्य नाही. चेंडू छातीवर लागून कोणी कोसळले आणि प्रतिसाद देत नसेल, तर पाणी शिंपडण्यात वेळ घालवू नये. एकाने 108 ला फोन करावा आणि दुसऱ्याने लगेच छातीच्या मध्यभागी, मिनिटाला 100 ते 120 वेळा, सुमारे 5 सेंटीमीटर खोल दाब देण्यास सुरुवात करावी. तालुक्याच्या ठिकाणी रुग्णवाहिका पोहोचेपर्यंतचा वेळ मोठा असतो, तेव्हा हे प्रशिक्षण तुम्ही आणि संघातील दोन-तीन मोठ्या मुलांनी ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांकडून घेऊन ठेवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

बॅटचाही फरक पडतो. शाळांमध्ये बहुधा ॲल्युमिनियमच्या बॅटी असतात. पोकळ बॅटची भिंत चेंडू लागताच किंचित दबून परत उसळते, म्हणून चांगल्या धातूच्या बॅटवरून चेंडू लाकडापेक्षा वेगाने सुटतो. अमेरिकेतील कॉलेज बेसबॉलने 2011 पासून याच कारणाने धातूच्या बॅटींवर कडक मर्यादा घातली. तुमच्याकडे नवी, महागडी बॅट असेल तर ती या सरावात वापरू देऊ नका. मुठीची पट्टी सुटलेली बॅट मात्र कोणत्याही सरावात नको, कारण घामाच्या हातातून सुटलेली बॅट कुठे जाईल याचा नेम नसतो.

प्रकाशाचे सांगायचे तर शाळा सुटल्यावरच्या सरावात पश्चिमेकडे तोंड करून चेंडू टाकू नका. होम प्लेट उत्तर किंवा दक्षिण टोकाला घेतली तर तुम्हाला आणि फलंदाजाला, दोघांनाही ऊन थेट डोळ्यांवर येत नाही. चेंडूची लाल शिवण दिसेनाशी झाली की त्या दिवसापुरते चेंडू टाकणे थांबवावे. सॉफ्टबॉलच्या मुलींनाही तुम्हीच सराव देत असाल तर वरील सर्व तिथेही लागू आहे. नावात सॉफ्ट असले तरी 12 इंच घेराचा चेंडू 178 ते 198 ग्रॅमचा असतो, म्हणजे बेसबॉलहून जड, आणि तिथे आपण खालून आणि आणखी जवळून टाकतो.

चौकट तयार होईपर्यंत काय करावे, हे तुम्ही विचारलेले नाही, पण तो प्रश्न तुमच्यापुढे उद्या सकाळीच येणार आहे. तोपर्यंत समोरून कडक चेंडू टाकणे पूर्ण बंद ठेवा. टीवर चेंडू ठेवून जाळीत मारण्याचा सराव घ्या. टी नसेल तर लाकडी पाटावर लोखंडी नळी आणि तिच्या तोंडाशी रबरी पाइपचा तुकडा बसवून ती घरीच करता येते. समोरून चेंडू हवाच असेल तर टेनिस बॉल वापरा, तोही हेल्मेट घालून. बाजूने चेंडू उडवून देण्याच्या सरावात तो देणारा मुलगा फलंदाजाच्या पुढे नव्हे तर बाजूला, बॅट सुटली तरी लागणार नाही इतक्या अंतरावर असावा, आणि तिथेही टेनिस बॉलच असावेत. दोन-तीन आठवडे असा सराव झाल्याने संघाचे काही बिघडत नाही. उलट टीवर मुलांच्या मनगटाच्या चुका अधिक स्पष्ट दिसतात.

वरील मापांतील काही गोष्टी तुमच्या परिस्थितीनुसार बदलतील. 14 वर्षांखालील मुलांसाठी 9 ते 10 मीटर अंतर पुरते. तुमची उंची सहा फुटांहून अधिक असेल तर चौकटीची कमी बाजू साडेचार फुटांपर्यंत नेता येते. आणि तुम्ही डावखुरे आहात की उजवे, हे तुमच्या प्रश्नात आलेले नाही. डावखुरे असाल तर कापलेला कोपरा डावीकडे घ्यावा लागेल आणि चेंडू सोडल्यावर उजवीकडे सरकावे लागेल. वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधी तेवढे कळवा आणि मैदानाचा एक फोटो पाठवा, म्हणजे तुमच्या जागेला बसतील अशी मापे आणि चौकटीच्या पायांची रचना मी कागदावर काढून देतो.